कानाला पुरलेला हात

जून लागला की माझं डोकं फिरायचं. आमचं दुकान गावातल्या मराठी शाळेच्या अगदी समोर, त्यामुळे पाटी-पेन्सिलीचं गिऱ्हाईक आधी आमच्याच ओट्यावर. आईबाप लेकराला बखोटीला धरून आणायचे, पाटी बोटाने वाजवून बघायचे आणि मला विचारायचे, "शेठाणी, दिवाळीपर्यंत घडाघडा वाचायला लागेल ना आमचा?" अरे बाबा, तुझ्या लेकराला अजून स्वतःचं नाक पुसता येत नाही, आणि तू वाचायच्या गोष्टी करतोस! पण गिऱ्हाइकाला असं बोलता येत नाही. एरवी मी तोंडाची फटकळ म्हणून गावभर नाव, दुकानात मात्र गप्प बसायचे.

मी भंवरीबाई. आमचं कूळ मारवाडातलं, पण इकडे येऊन इतक्या पिढ्या झाल्या की घरात एक बोली आणि दुकानात दुसरी, हे आम्हाला जन्मापासूनचं. गाव सावद्याच्या पुढे, रावेरच्या अलीकडे, चहूकडे केळीच केळी. शेठ मालाला गेले की दुकानात मी बसायचे, पदर कपाळापर्यंत ओढून. तिथे बसून मी किती लेकरं पहिलीत जाताना पाहिली, त्याला मोजदाद नाही. रडणारी पाहिली, पळून येणारी पाहिली, पाटी फोडून पुन्हा दुकानात उभी राहिलेली पाहिली. त्या सगळ्यांत एक कुंदा अजून डोळ्यांपुढून हलत नाही. आणि कुंदापेक्षाही तिची आई, शेवंताबाई.

शेवंताबाई आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. नवरा सुपडू, मुकाट माणूस, बैलाशी बोलेल पण बायकोशी नाही. घर चालायचं ते तिच्या जेठांच्या, म्हणजे सुपडूच्या थोरल्या भावाच्या, जीवरामभाऊंच्या शब्दावर. माणूस वाईट नव्हता, पण एकदा बोलला की बोलला. शेवंताबाई त्या घरातली धाकटी सून. उंच, कामाला वाघीण, लुगड्यावर आणि हातावर केळीच्या चिकाचे काळे डाग कायमचे. हसायची फार कमी. मोठ्या घरातल्या धाकट्या सुनेला हसू येतं कुठून म्हणा!

तिला शाळेचं वेड कशाने लागलं ते ऐका. एकदा रावेरला लग्नाला गेली होती, तिथून परभारे माहेरी फैजपूरला निघाली. स्टँडवर एसटी लागलेली, पाटी वाचता येईना, विचारायची लाज वाटली, म्हणून बायकांचा घोळका चढला त्यात ही चढली. उतरली ती थेट उलट्या दिशेला, बऱ्हाणपूरला! रडत-रडत दुसऱ्या दिवशी घरी आली. जीवरामभाऊ चारचौघांत म्हणाले, "आमची शेवंता मुलूख फिरून आली." सगळा ओटा खो-खो हसला. पुढे वर्षभर पोरंठोरं तिला विचारायची, "काकू, बऱ्हाणपूरला काय भाव?" ती पदर पुढे ओढून वाट धरायची. पण माझ्याजवळ येऊन म्हणाली, "अक्का, माझ्या कुंदीले पाटी वाचता आली पाहिजे. बस. दुसरं काही नको मले."

महाराष्ट्र नवा नवा झाला ना, त्याच वर्षीची गोष्ट. कुंदा तेव्हा अजून पाचाचीही झाली नव्हती. शाळेत घ्यायचे ते सहा वर्षांचं लेकरू. पण जन्माची तारीख कोणाच्या घरी लिहिलेली असायची? हेडमास्तर लेकराला सरळ उभं करायचे आणि म्हणायचे, उजवा हात डोक्यावरून ने आणि डावा कान पकड. हात कानाला पुरला की वय झालं, नाही पुरला तर पुढल्या वर्षी या. इतकं साधं.

आता शेवंताबाईची अडचण अशी की पुढल्या वर्षापर्यंत थांबणं तिच्या हातात नव्हतं. तिला पुन्हा दिवस गेले होते, दिवाळीच्या सुमाराला बाळंत होणार. घरात नवं लेकरू आलं की त्याला सांभाळायला कोण? मोठी बहीण. सगळ्या घरांत तीच रीत. एकदा का झोळीची दोरी कुंदाच्या हातात गेली की शाळा संपली, हे तिला पक्कं ठाऊक. म्हणून तिने दाराआडून सुपडूला पुढे करून जेठांना विचारलं. जीवरामभाऊ म्हणाले, "घाला. एक वरीस पाहू. पास झाली तर पुढे जाईल, नापास झाली तर भाऊ सांभाळेल. मंग मले कोणी विचारायचं नाही."

मग या बाईने काय केलं? मला हे कळलं ते फार उशिरा, तिनेच सांगितलं, पण गोष्ट सरळ लागावी म्हणून आत्ताच सांगते. मे महिनाभर मागच्या परसात, कोणी नसताना, तिने कुंदाला एक खेळ शिकवला. हात डोक्यावरून न्यायचा आणि मान हळूच उजव्या खांद्याकडे पाडायची. मान पाडली की डावा कान वर येतो आणि बोटं बरोबर कानाच्या टोकाला लागतात. लागली की आई तोंडात गुळाचा खडा घालायची. पोर हुशार, महिन्याभरात असं करायला लागली की बघणाऱ्याला वाटावं लाजून मान वाकडी करतेय.

शाळा उघडली त्या दिवशी ही गर्दी. हेडमास्तर रजिस्टरात डोकं घालून, एका डोळ्याने लेकरांकडे बघताहेत. कुंदाची पाळी आली, तिने मान पाडली, हात टाकला, कान पकडला. "चला, पुढे." झालं! शेवंताबाई पोरीला कडेवर घेऊन शाळेच्या फाटकातून आमच्या ओट्यावर आली ती हसतच. अगं बाई, काय हसत होती! डोक्यावरचा पदर खाली पडला त्याचंही भान नाही. दुकानातून गूळ घेतला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या हातावर ठेवला. तिला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि नंतरही नाही.

पहिलीला त्या वर्षी सुनंदाबाई होत्या. जळगावच्या, एकट्या, आमच्याच मागच्या खोलीत भाड्याने राहायच्या. शाळा सुरू झाली की आठवडाभर त्या आमच्या ओट्यावर उभ्या राहून आईबापांना एकच गोष्ट सांगायच्या. पहिले काही दिवस रडेल, रडू द्या. मग नुसतं बसायला शिकेल, तेच मोठं काम आहे. मग शेजारच्या पोराशी भांडेल, मग त्याच्याच डब्यातली भाकरी खाईल. चिंचोके मोजेल, गाणं म्हणेल. अक्षरं मागून येतात, कोणाची संक्रांतीला, कोणाची होळीला, कोणाची दुसरीत गेल्यावर. "तुम्ही रोज एवढंच विचारा, आज काय गंमत झाली? वाचता येतं का, हे विचारू नका." लोक माना डोलवायचे आणि घरी जाऊन वाचता येतं का हेच विचारायचे.

शेवंताबाईनेही मान डोलवली. पण तिच्या मनात एक वर्ष, आणि एकच वर्ष. पालथ्या घड्यावर पाणी!

कुंदा वर्गात सगळ्यांत लहान. दुपारी पाटीवर डोकं ठेवून झोपायची. पेन्सिल मुठीत धरायची, बोटांत यायचीच नाही. एकदा वर्गात ओलं केलं, पोरं हसली, ती आमच्या ओट्यावर येऊन माझ्या लुगड्यात तोंड खुपसून बसली. सुनंदाबाई मला म्हणायच्या, "भंवरीबाई, ही पोर मंद नाही हो. वयानेच लहान वाटते मला. हेडमास्तर म्हणतात हात पुरला होता." मी तरी काय सांगणार? मला ठाऊक कुठे होतं!

दिवाळीला शेवंताबाईला मुलगा झाला. नथ्थू नाव ठेवलं. घरात आनंद, आणि शेवंताबाई परीक्षेला किती महिने उरले ते मोजत बसलेली. थंडी सरत आली तरी कुंदाला क आणि फ मधला फरक कळेना. मग शेवंताबाईने स्वतःचीच युक्ती काढली. स्वतःला अक्षर येत नाही, तर शिकवणार काय? तिने शेजारच्या चौथीतल्या कमलला बसवलं, पुस्तकातला एक धडा मोठ्याने वाचून घेतला आणि तो कुंदाकडून पाठ करून घ्यायला लागली. चुलीवर भाकरी थापता-थापता, नथ्थूला पाजता-पाजता. "शेळी आली. शेळीने पाला खाल्ला. शेळीच्या मागे करडू आले. करडू उडी मारते." चुकली की पहिल्यापासून.

आणि पोरीची आठवण अशी तल्लख की धडा तोंडपाठ! पुस्तक मांडीवर, बोट ओळीवरून फिरतंय, तोंडाने खाड-खाड धडा. जीवरामभाऊंच्या पुढे म्हणून दाखवला, तर ते म्हणाले, "वा रे पोरी, तू तं मास्तरीण होशील." शेवंताबाई दाराआड उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगितलं तेव्हा गालांवर लाली चढली होती.

सुनंदाबाईंनी मात्र ओळखलं. आमच्या ओट्यावरच तिला अडवलं आणि म्हणाल्या, "शेवंताबाई, ती वाचत नाही, नुसती बोलते. बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या. सोडून द्या तिला. खेळू द्या. पहिलीत आणखी एक वर्ष बसली तर काही बिघडत नाही, पुढल्या वर्षी आपोआप वाचेल बघा."

"पुढलं वरीस नाही बाई आपल्याकडे," शेवंताबाई म्हणाली आणि पाटीची पेन्सिल घेऊन निघून गेली.

चैत्रात परीक्षा. त्या काळी पहिलीच्या पोरांची परीक्षाही कधीकधी शाळा तपासणारे दिपोटी साहेब येऊन घ्यायचे. शाळेच्या ओसरीवर पोरांची रांग, साहेब खुर्चीवर, आणि कुंपणाबाहेर आया. मला दुकानातून सगळं दिसत होतं. शेवंताबाई कुंपणाच्या काट्यांना चिकटून उभी, नथ्थू कडेवर. ओठ हलत होते तिचे, आतल्या आत तोच धडा.

साहेबांनी कुंदाच्या हातात पुस्तक उघडून दिलं. पान होतं बैलगाडीचं. चित्रात दोन बैल, गाडी, गाडीवान. कुंदाने बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "शेळी आली. शेळीने पाला खाल्ला."

पोरं खिदळली. साहेबांनी पान उलटलं, विहिरीचं चित्र काढलं. "आता हे वाच बाळ." कुंदा पुन्हा पहिल्यापासून, "शेळी आली..." साहेब भला माणूस, चिडले नाहीत. एका अक्षरावर बोट ठेवून म्हणाले, "बरं, हे एवढंच सांग. हे काय आहे?"

पोरीने अक्षराकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, मग कुंपणाकडे, आईकडे. आणि काय केलं असेल त्या लेकराने? मान उजव्या खांद्यावर पाडली, हात डोक्यावरून नेला आणि डावा कान पकडला. कान पकडला की आई हसते, गूळ मिळतो, मोठी माणसं "पुढे चला" म्हणतात, एवढंच तिला ठाऊक! ओसरीवर हशा पिकला, साहेबही हसले. शेवंताबाईने डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. ती का रडते आहे हे तेव्हा आम्हा कोणालाच कळलं नाही.

कुंदा नापास झाली. सुनंदाबाई कुंदाच्या घरी गेल्या, आग्रह करून मलाही नेलं. बाईंनी जीवरामभाऊंना परोपरीने सांगितलं, पोर लहान दिसते, पुन्हा पहिलीत बसवा, पुढल्या वर्षी पहिला नंबर नाही आला तर मला विचारा. जीवरामभाऊ शांतपणे म्हणाले, "बाई, ज्याच्या नशिबी नसते त्याले किती ढकलायचं? बाकी पोरं त्याच शाळेत पास झाली का नाही? हिची अक्कलच तेवढी. भाऊ सांभाळेल आता."

शेवंताबाई आतल्या दाराशी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं. तिचं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं. एक वाक्य बोलायचं होतं तिला. पोरीची अक्कल कमी नाही, वय कमी आहे, मान मी वाकवली. बस, एवढंच. जीवरामभाऊ रागावले असते, शिव्या घातल्या असत्या, पण पोर मंद नाही हे तर घराला कळलं असतं! पण जेठापुढे तोंड उघडायचं, तेही स्वतःची लबाडी सांगायला? ती गप्प राहिली. चहा झाला, आम्ही उठलो.

दुसऱ्या दिवसापासून कुंदा झोळीची दोरी ओढत ओट्यावर बसलेली दिसायला लागली. आणि भावाला झोपवायला म्हणायची काय? "शेळी आली, शेळीने पाला खाल्ला..." चाल लावून! गावातल्या बायकांना मौज वाटायची. शेवंताबाई ते ऐकलं की विहिरीवर निघून जायची, घागर भरलेली असली तरी.

तेव्हा एकदा तिने मला ते परसातलं सगळं सांगितलं. मी तशीच भडकले. म्हटलं, "अगं, तुम्ही केळीवाले! कोवळा घड कापून अढीत घातला तर पिकतो का? काळा पडतो. हे तुला मी मारवाडणीने सांगायचं?" ती नुसती चिकाचे डाग नखाने खरवडत बसली. मग मलाच वाईट वाटलं. तिने तरी लेकराचं वाईट का चिंतलं होतं?

नथ्थू पुरता सहा वर्षांचा झाल्यावर शाळेत गेला. मान सरळ, हात सरळ कानावर. होळीला वाचायला लागला. जेवताना जीवरामभाऊ कौतुकाने म्हणाले, "पुरं वय झाल्यावर घातलं का पोर शिकतेच. कुंदीलेही आपण जरा उशिराच घालायला पाहिजे होतं." आणि भाकरीचा तुकडा मोडला. शेवंताबाई वाढत होती. तिने मला सांगितलं, "अक्का, माझ्या हातातलं वरण सांडलं, तं मले म्हणे, लक्ष कुठी हाये तुझं?" आता म्हणायला काय जातंय माणसाचं! तेव्हा हेच शब्द आले असते तर?

कुंदाचं लग्न भुसावळला झालं, नवरा रेल्वेत. संसार चांगला. पण तिथे स्टेशनावर पाट्याच पाट्या, आणि ही कोणाला तरी विचारून चालायची. माहेरी आली की हसून सांगायची, "मी मायसारखी बऱ्हाणपूरले नाही जात, मी विचारते." शेवंताबाई तिच्याबरोबर हसायची नाही.

परवाच्या दिवाळीची गोष्ट. कुंदा आपल्या पोरीला घेऊन आली होती. निमी नाव, यंदाच पहिलीत गेलेली. दुपारी तिघी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. मी आता म्हातारी, दुकान मुलगा बघतो, मी नुसती बसून असते. निमीने पिशवीतून आपलं पुस्तक काढलं. नवं पुस्तक, रंगीत चित्रं. एका पानावर शेळी होती.

कुंदाने ते पान मांडीवर ओढलं. बोट ओळीवर ठेवलं आणि अगदी त्याच खणखणीत आवाजात म्हणाली, "शेळी आली. शेळीने पाला खाल्ला. शेळीच्या मागे करडू आले."

निमी पुस्तकात बघते, आईकडे बघते. "आई, असं नाही लिहिलेलं इथे."

"आमच्या वेळेले असंच होतं."

"मग हे वाच ना. इथे काय आहे?" तिने बोटाने शब्द दाखवला.

कुंदाने थोडा वेळ त्या शब्दाकडे बघितलं. मग पुस्तक पोरीकडे सरकवलं आणि साधेपणाने म्हणाली, "मले वाचता नाही येत, बेटा. तू वाच."

शेवंताबाई इतकी वर्षं जे गिळून बसली होती ते तेव्हा बाहेर आलं. म्हणाली, "कुंदे, तुझी अक्कल कमी नव्हती व. तुझा हातच कानाले पुरत नव्हता. मान मी वाकवली तुझी. जेठांच्या समोर मी एक शब्द बोलली असती तं... मी नाही बोलली."

मला वाटलं कुंदा रडेल, नाही तर चिडेल. चिडायचा हक्कच होता तिला. तिने आईचा हात हातात घेतला. त्यावरचे डाग आता फिकट झालेत.

"मले मालूम हाये, माय. खेळ तं मीच खेळत होती ना," ती म्हणाली. "पण त्या दिवशी तू कशी हसली होती! पदर पडला होता तुझा. साहेबानं विचारलं ना, तेव्हा मले वाटलं, मी कान धरला का तू तशीच हसशील."

शेवंताबाईने पदर तोंडाशी धरला. निमी मान खाली घालून एकेक अक्षर जोडत वाचत होती, मधेच अडकत होती, पुन्हा सुरू करत होती. तिला कोणीच घाई केली नाही.